ब्रेकचे पेडल खाली का जाते?

सिग्नलला गाडी उभी असते. चालकाचा पाय ब्रेकवर असतो, गाडी जागची हलत नाही आणि तरीही पायाखालचे पेडल हळूहळू तळाकडे सरकत असल्याचे जाणवते. पाय उचलून पुन्हा दाबला की ते पूर्ववत वरच लागते. तेवढ्यात दिवा हिरवा होतो आणि विषय मनातून जातो. मोटारीच्या ब्रेकमध्ये जे बिघाड होतात, त्यांतला हा सर्वांत फसवा बिघाड म्हणावा लागेल. कारण तो जाणवतो तेव्हाही ब्रेक लागतच असतो. ‘दोनदा दाबले की लागतो’ एवढ्या दिलाशावर महिनोन्महिने गाडी चालविणारे वाहनधारक थोडे नाहीत. गॅरेजमध्ये नेल्यावरही बरेचदा ‘ऑइलमध्ये हवा आली आहे’ असे ठोकळेबाज निदान होते. हवा काढली जाते, पॅड बदलले जातात, बिल हाती पडते आणि आठ दिवसांनी पेडल पुन्हा खाली जाऊ लागते.

वस्तुतः पेडल खाली जाणे हा एकच एक बिघाड नव्हे. चार-पाच निरनिराळ्या बिघाडांचे ते सामाईक लक्षण आहे. ताप आला म्हणजे रोग कोणता हे जसे ठरत नाही, तसेच हे आहे. मात्र प्रत्येक बिघाडात पेडल खाली जाण्याची तऱ्हा वेगळी असते आणि ती ओळखता आली, तर एकही नट न उघडता अर्धे निदान गाडीच्या मालकालाच करता येते. येथील विवेचन अर्थातच मोटारींपुरते मर्यादित आहे. मोठ्या ट्रक व बसमध्ये हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतात. त्यांचे गणित निराळे.

पायापासून चाकापर्यंत

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडला. त्याचा वापर मोटारीत व्हायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली मोटार अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने १९२१ साली बाजारात आणली. मूळ रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

चालक पेडल दाबतो तेव्हा तरफेमुळे त्याच्या पायाचा जोर काही पट होतो. इंजिनकडून मिळणाऱ्या निर्वातावर चालणारा बूस्टर त्यात आणखी भर घालतो. हा सारा जोर मास्टर सिलिंडरमधील पिस्टनवर येतो. पिस्टनवर रबरी कप बसविलेले असतात. ते सिलिंडरच्या भिंतीला घट्ट चिकटून पुढे सरकतात आणि समोरचे ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलतात. पुढच्या चाकांत हे ऑइल कॅलिपरमधील पिस्टन पुढे रेटते व पॅड डिस्कवर दाबले जातात. मागे ड्रम असतील तर व्हील सिलिंडरद्वारे लायनर ड्रमला भिडतात.

सुरक्षिततेसाठी मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन पिस्टन असतात आणि ऑइलचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. पुढच्या चाकांना इंजिनची गती मिळणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारींत पुढचे डावे व मागचे उजवे चाक एका मार्गावर, तर पुढचे उजवे व मागचे डावे दुसऱ्या मार्गावर, अशी तिरकी वाटणी केलेली असते. एक नळी फुटली तरी दुसरा मार्ग शाबूत राहतो. त्या स्थितीत पेडल मात्र नेहमीपेक्षा बरेच खाली जाऊन लागते आणि गाडी थांबायला कितीतरी अधिक अंतर घेते.

या यंत्रणेतील खुबी अशी, की द्रव व्यवहारतः दाबून आकुंचन पावत नाही. पॅड आणि डिस्क यांच्यातील फटही मिलिमीटरच्या अंशाइतकी असते. म्हणजे निरोगी गाडीत अगदी थोडेसे ऑइल सरकले की पेडल घट्ट झालेच पाहिजे. ते तसे होत नसेल, तर पिस्टनने ढकललेले ऑइल भलतीकडेच जात आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. निदानाचा सारा प्रश्न एवढाच असतो : ते ऑइल गेले कुठे? एक तर ते वाढलेली फट भरून काढण्यात खर्ची पडले. किंवा वाटेत हवा अथवा वाफ होती, ती दाबली गेली. किंवा ते गळून बाहेर गेले. किंवा कपाच्या कडेने गुपचूप मागे परतले. पाचवा मार्ग जवळपास नाहीच.

पहिल्यांदा खाली, दुसऱ्यांदा वर

पहिल्या दाबाला पेडल बरेच खाली जाते. लगेच दुसऱ्यांदा दाबल्यास ते वर आणि घट्ट लागते. दाबून धरले तर तेथेच स्थिर राहते. हे लक्षण असेल तर बहुधा मागच्या ड्रममधील लायनर झिजलेले असतात. लायनर झिजत जातात तसतशी त्यांची ड्रमपासूनची फट वाढते. ती आपोआप कमी करणारी लहानशी यंत्रणा बहुतेक गाड्यांत असते, पण धूळ, चिखल व गंज यांमुळे ती अडकून बसते. मग पहिल्या दाबातले ऑइल ती फट भरण्यातच संपते.

याची एक सोपी परीक्षा आहे. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि मग ब्रेकचे पेडल दाबून पाहावे. हँडब्रेकची दोरी मागचे लायनर आधीच ड्रमला भिडवून ठेवते. त्यामुळे पेडल आता एकदम वर लागू लागले, तर दोष मागच्या ड्रममध्येच आहे असे समजण्यास हरकत नाही. मागेही डिस्क असलेल्या किंवा हँडब्रेकऐवजी बटण असलेल्या गाड्यांत मात्र या परीक्षेवर विसंबता येत नाही.

उपाय स्वस्त आहे. ड्रम काढून साफ करणे, ॲडजस्टर मोकळा करणे, लायनर जाडीने कमी झाले असतील तर दोन्ही बाजूंचे बदलणे व फट नियमाप्रमाणे बसविणे, एवढेच करावे लागते. अनेक ठिकाणी मात्र लायनरला हात न लावता हँडब्रेकची केबलच आवळून दिली जाते. त्याने पेडल काही दिवस वर आल्यासारखे वाटते, पण लायनर ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो आणि ॲडजस्टर कायमचा निकामी होतो. आधी लायनर आणि मग केबल, हा क्रम चुकता कामा नये.

हेच लक्षण क्वचित पुढच्या चाकांमुळेही उद्भवते. बेअरिंग सैल झाले असेल किंवा डिस्क वाकडी झाली असेल, तर चाक फिरताना डिस्क डुलते आणि पॅडना मागे ढकलते. खडबडीत रस्ता किंवा जोरदार वळण गेल्यानंतरचा पहिला ब्रेक खाली लागत असेल, तर चाक जॅकवर उचलून हाताने हलवून पाहावे.

पॅड नुकतेच बदलले असतील, तर पहिला दाब हमखास तळापर्यंत जातो. नवे जाड पॅड बसविण्यासाठी कॅलिपरचा पिस्टन पूर्ण मागे ढकललेला असतो. पेडल अनेकदा दाबून तो पुन्हा पॅडजवळ आणल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. हा बिघाड नव्हे, परंतु गॅरेजच्या दारातच समोरच्या भिंतीवर गाडी आदळण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

स्पंजासारखे पेडल

पेडल दाबल्यावर ते घट्ट न लागता रबरासारखे दबत जाते, चार-पाच वेळा भराभर दाबल्यास थोडे वर येते आणि पाय सोडला की उसळी मारते. हे खरोखर हवा शिरल्याचे लक्षण होय. हवा द्रवासारखी नसते, ती दाबली जाते; आणि पायाची मेहनत चाकाऐवजी बुडबुडे दाबण्यात वाया जाते.

हवा काढण्याची रीत मेकॅनिक मंडळींच्या हातवळणाची आहे. चाकावरील निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवितात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करून ऑइल व बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निपल आवळायचा आणि त्यानंतरच पहिल्याने पाय उचलायचा. क्रम उलटला तर बाहेरची हवा आत शिरते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने ते सहसा मागचे डावे चाक असते. तथापि काही कंपन्यांनी वेगळा क्रम दिलेला असतो व तोच पाळावा. काम चालू असताना टाकीतील ऑइल संपू देणे ही सर्वांत महागात पडणारी हयगय आहे. टाकी रिकामी झाली की वरूनच हवा शिरते व सारे काम पहिल्यापासून करावे लागते.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. अशा गाड्यांत ऑइल एबीएसच्या झडपांमधूनही जाते. तेथे हवा अडकली असेल, तर काही मॉडेलमध्ये संगणकीय उपकरण जोडून त्या झडपा उघडाव्या लागतात. निव्वळ पेडल मारून ती हवा निघत नाही. कितीही वेळा हवा काढली तरी पेडल स्पंजासारखेच राहत असेल, तर आणखी दोन गोष्टी पाहण्याजोग्या असतात. एक, डावा-उजवा कॅलिपर बसविताना अदलाबदल झालेली नाही ना. तसे झाल्यास निपल खालच्या बाजूस येतो आणि वरच्या पोकळीतली हवा तेथेच राहते. दुसरी, चाकाजवळच्या रबरी नळ्या. जुनी नळी दाबाखाली फुगते व पायाला हवेसारखाच भास होतो. सहकाऱ्याला पेडल दाबायला सांगून नळीवर हात ठेवला, तर फुगवटा जाणवतो.

हवा आपोआप निर्माण होत नाही, ही बाब गॅरेजमध्ये सोयीस्करपणे विसरली जाते. ब्रेकचे काम अलीकडे झालेले नसताना हवा आढळली, तर ती कुठून शिरली हे शोधणे भाग आहे. टाकीतले ऑइल फार खाली गेले होते काय आणि गेले असेल तर ते कुठे गेले, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो.

गळती : दिसणारी आणि न दिसणारी

ब्रेक ऑइलची टाकी बॉनेटखाली चालकाच्या बाजूला असते व तिच्यावर कमाल-किमान अशा दोन खुणा असतात. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन पुढे येतात आणि टाकीतली पातळी काही महिन्यांत किंचित उतरते. हे स्वाभाविक आहे. म्हणूनच पातळी थोडी उतरलेली दिसताच वरून ऑइल ओतण्याची सवय चांगली नाही; आधी पॅड पाहावेत. परंतु पातळी काही दिवसांतच उतरत असेल, तर गळती आहे हे निश्चित. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यानंतरही पेटत असेल, विशेषतः वळणावर किंवा उतारावर लुकलुकत असेल, तर तो बहुधा हेच सांगत असतो.

गळती शोधताना चाकांच्या आतील बाजूंपासून सुरुवात करावी. टायरच्या आतल्या अंगावर ओलसर ओघळ दिसल्यास त्या चाकाचा सिलिंडर किंवा कॅलिपर संशयित ठरतो. ड्रममधली गळती बाहेर येण्यापूर्वी लायनर भिजवते, आणि असे भिजलेले लायनर धुऊन-पुसून पुन्हा वापरण्याजोगे राहत नाहीत. समुद्रकाठच्या शहरांत खाऱ्या हवेने लोखंडी नळ्यांना गंज धरतो. बॉडीला नळी जेथे क्लिपने धरलेली असते, तेथे तो आधी खातो. ज्या गाड्यांत क्लचही हायड्रॉलिक असतो, त्यांपैकी अनेकांत क्लच व ब्रेक एकाच टाकीतून ऑइल घेतात. अशा वेळी ब्रेकची सारी यंत्रणा कोरडी असूनही पातळी उतरते आणि गळती क्लचच्या सिलिंडरमध्ये सापडते.

सर्वांत चकवणारी गळती मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकाची. तेथून झिरपलेले ऑइल थेट बूस्टरच्या डब्यात साठते. जमिनीवर एक थेंब पडत नाही, चाके कोरडी असतात, पातळी मात्र उतरत राहते. मास्टर सिलिंडरचे नट सोडवून तो बूस्टरपासून किंचित पुढे ओढला, की मागचा ओलावा दिसून येतो.

गळती आहे हे समजल्यावर रोज ऑइल ओतून गाडी चालविणे म्हणजे संकट पुढे ढकलणे होय. गळणारा कप किंवा गंजलेली नळी कधी पूर्ण सुटेल याचा भरवसा नसतो, आणि ती सुटते ती जोरात ब्रेक दाबताना, म्हणजे ब्रेकची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्या क्षणी.

पातळी तीच, तरी पेडल खाली

आता सुरुवातीला वर्णिलेल्या सिग्नलवरच्या पेडलकडे वळता येईल. कोठेही ओल नाही, टाकीतली पातळी हललेली नाही, पेडल स्पंजासारखेही नाही. तरीही पाय एकसारखा ठेवला की ते हळूहळू बसत जाते. येथे ऑइल बाहेर जातच नसते. मास्टर सिलिंडरमधील रबरी कपाची कड झिजलेली असते किंवा सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडलेले असतात; दाबलेले ऑइल त्या फटीतून मागच्या बाजूला परतते. ‘मास्टर गेला’ असे मेकॅनिक म्हणतात ते यालाच.

हा दोष हाती लागण्यास कठीण जातो त्याला कारण आहे. कपाची कड ऑइलच्या दाबानेच भिंतीवर आवळली जाते. जोरात ब्रेक मारला की दाब वाढतो, कड घट्ट चिकटते आणि पेडल टिकून राहते. हलका पाय ठेवला की दाब कमी, कड सैल आणि ऑइल मागे. म्हणूनच गॅरेजमध्ये मेकॅनिक जोरात पेडल मारून ‘ब्रेक तर ठणठणीत आहे’ म्हणतो आणि मालकाला सिग्नलवर पुन्हा तेच दिसते. दोघेही खरे बोलत असतात. मालकाने येथे आग्रह धरायला हवा तो हलक्या पायाच्या परीक्षेचा.

ती अशी करावी. इंजिन बंद ठेवून पेडल सहा-सात वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधला साठविलेला निर्वात संपतो व पेडल कठीण होते. मग सिग्नलवर ठेवतो तितक्याच हलक्या जोराने पाय ठेवून मिनिटभर तसाच राहू द्यावा. पेडल बसत गेल्यास दोष सिद्ध झाला. नंतर एकदा जोर वाढवूनही पाहावे. आता पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केले, तर पेडल थोडेसे खाली जाऊन थांबते. हा दोष नाही. बूस्टर कामाला लागल्याची ती खूण आहे. या नेहमीच्या हालचालीला घाबरून धडधाकट मास्टर सिलिंडर बदलून घेणारेही आहेत, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

खात्री करून घेण्यासाठी मेकॅनिकजवळ आणखी एक उपाय असतो. मास्टर सिलिंडरच्या नळ्या सोडवून त्यांच्या तोंडात बुचे आवळावयाची आणि पेडल दाबावयाचे. ऑइलला जायला वाटच नसल्याने पेडल वर आणि दगडासारखे लागले पाहिजे. तसे लागले तर मास्टर निर्दोष, दोष पुढे चाकांकडे. तरीही बसले, तर शंकेला जागा राहत नाही. चाकांच्या रबरी नळ्या एकेक करून चिमट्याने दाबून कोणत्या चाकात दोष आहे हे शोधण्याचीही पद्धत आहे. मात्र त्यासाठी गुळगुळीत जबड्याचा खास चिमटा हवा. दातेरी पकडीने नळीचे आतले अस्तर फाटते आणि जुन्या दुखण्याबरोबर नवे दुखणे घरी येते.

दुरुस्तीत दोन पर्याय पुढे येतात : नुसते रबरांचे किट टाकणे किंवा पूर्ण मास्टर सिलिंडर बदलणे. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी स्वच्छ असेल तर किट चालते. तिच्यावर गंजाचे खड्डे वा ओरखडे असतील, तर नवे रबर काही आठवड्यांतच पुन्हा कापले जाते, तेव्हा पूर्ण भाग बदलणेच स्वस्त पडते. नवा सिलिंडर गाडीवर चढविण्यापूर्वी त्यातली हवा टेबलावरच काढून घेतल्यास पुढचे काम पुष्कळ सोपे होते.

येथे एक विचित्र योगायोग वारंवार घडतो. जुन्या गाडीची हवा काढायला दिली आणि त्यानंतरच पेडल बसू लागले, अशी तक्रार ऐकू येते व दोष मेकॅनिकच्या माथी मारला जातो. खरे कारण असे, की रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या काही भागातच मागेपुढे होत असतो. त्यापलीकडच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज व गाळ साचलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले, की कप प्रथमच त्या खडबडीत भागावरून जातो आणि त्याची कड कापली जाते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्याची चाल मर्यादित केली तर हे टळते. जुन्या हाताचे मेकॅनिक तसे करतात.

पेडल वर आणून देण्याचा एक आडमार्गही प्रचलित आहे. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांना जोडणारा दांडा लांब करावयाचा. पेडलची सुरुवातीची थोडीशी मोकळी चाल त्यामुळे नाहीशी होते आणि ग्राहकाला ब्रेक एकदम ‘वरचा’ वाटतो. पण त्या मोकळ्या चालीमुळेच पाय उचलल्यावर पिस्टन पूर्ण मागे जातो व ऑइल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र उघडे होते. ते झाकलेलेच राहिले तर तापून प्रसरण पावलेल्या ऑइलला परतीची वाट राहत नाही आणि पॅड डिस्कला चिकटून राहतात. महामार्गावर काही किलोमीटर गेल्यावर चाकांतून जळका वास येतो तो असा.

घाट उतरताना

पावसाळी, दमट हवेच्या प्रदेशांत, म्हणजे मुंबई, कोकण, गोवा येथे, ब्रेक ऑइलचा एक गुण विशेष महत्त्वाचा ठरतो. ते हवेतील बाष्प शोषून घेते. सध्या मोटारींत वापरले जाणारे ग्लायकॉलवर आधारित ऑइल डॉट ३ व डॉट ४ अशा दर्जांत मिळते. डॉट ३ ताजे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली आला तरी ते दर्जात बसते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. म्हणजे नवे असताना सहज सोसणारी उष्णता जुन्या ऑइलला उकळायला पुरेशी ठरते.

कशेडी, आंबेनळी, वरंध किंवा बोरघाट यांसारखा लांब उतार ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला, तर डिस्क व पॅड प्रचंड तापतात. ती उष्णता कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत पोहोचते, ऑइलमधले पाणी उकळते आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. मग होते तेच, जे हवा शिरल्यावर होते, पण एकाएकी आणि संपूर्ण. दोन वळणांपूर्वी घट्ट असलेले पेडल तळाला जाते. गाडी कशीबशी थांबवून अर्धा तास थांबले की वाफ निवते आणि पेडल पुन्हा पहिल्यासारखे लागू लागते. गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही. थंड गाडीत निर्दोष, तापल्यावर तळाला, असे लक्षण असेल तर ऑइल कधी बदलले होते हा पहिला प्रश्न विचारावा.

याच्याशी गल्लत होणारा दुसरा प्रकार म्हणजे पॅड तापून त्यांची पकड जाणे. त्यात पेडल वर आणि घट्टच लागते, पण गाडी थांबत नाही. पहिल्यात दोष ऑइलचा, दुसऱ्यात पॅडच्या पृष्ठभागाचा. दोन्ही टाळण्याचा मार्ग मात्र एकच. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो त्याच गिअरमध्ये उतरावा आणि वेग इंजिनने धरावा. इंधन वाचविण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची खोड आपल्याकडे अजून गेलेली नाही. तीत सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे असे अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांत सांगितलेले असते. गाडी कमी फिरली तरी ही मुदत वाढत नाही. बाष्प किलोमीटर मोजून शिरत नाही. अर्धवट वापरून महिनोन्महिने कपाटात ठेवलेल्या बाटलीतले ऑइल वापरू नये. टाकीच्या झाकणावर जो दर्जा छापलेला असेल तोच घ्यावा. डॉट ५ हे सिलिकॉनवर आधारित, सर्वस्वी वेगळे ऑइल आहे आणि ते या दोहोंत मिसळत नाही. आकडा मोठा म्हणून ते उत्तम असा समज करून घेऊ नये. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल चुकून जरी ब्रेकच्या टाकीत पडले, तर यंत्रणेतील रबर फुगते. ते पुढे गेले असल्यास धुऊन भागत नाही, साऱ्या रबरी भागांची बदली करावी लागते.

पेडल तळाला गेलेच तर

चालत्या गाडीत पेडल तळाला गेल्यास पहिली गोष्ट म्हणजे ते भराभर अनेक वेळा दाबणे. फट वाढलेली असो, हवा असो वा कप झिजलेला असो, बहुतेक वेळा दोन-तीन दाबांत थोडाफार ब्रेक मिळतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणावा. ऑटोमॅटिक गाडीत खालचा गिअर निवडावा. हँडब्रेकचे बटण दाबलेले ठेवून तो थोडाथोडा ओढावा. एका झटक्यात ओढल्यास मागची चाके जाम होऊन गाडी फिरते. बटणाचा पार्किंग ब्रेक असलेल्या बहुतेक गाड्यांत ते बटण ओढून धरल्यास गाडी थांबविता येते. हे आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे. हॉर्न व चारही इंडिकेटर चालू ठेवावेत. इंजिन मात्र बंद करू नये. त्याने बूस्टर व पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात आणि किल्ली काढली गेल्यास स्टिअरिंगच लॉक होते. घाटात दुसरा इलाज उरलाच नाही, तर दरीच्या बाजूऐवजी डोंगराच्या बाजूला गाडी घासत नेणे पत्करावे.

गाडी एकदा थांबली की तेथून ती ओढूनच न्यावी. ‘गॅरेज जवळच आहे, हळू जातो’ हा युक्तिवाद असुरक्षित वाहन चालविण्याबाबतच्या मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १९० पुढे टिकत नाही, आणि समोर अचानक आलेल्या पादचाऱ्यापुढे तर नाहीच.

दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना इंजिन बंद ठेवून एकदा आणि सुरू ठेवून एकदा, हलक्या व जोरकस अशा दोन्ही दाबांनी पेडल तपासावे. कोणता भाग बदलला तो जुना भाग मागून घ्यावा. मास्टर सिलिंडर बदलला असेल तर जुन्याच्या कपाची कड बोटाने चाचपता येते. टाकीवर त्या दिवशीच्या पातळीला पेनाने रेघ मारून ठेवावी. रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात चार-पाच वेळा ब्रेक लावून पाहावा, रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी चारही चाकांची आतली बाजू पाहावी आणि आठवड्याने टाकीवरची रेघ पुन्हा तपासावी. ब्रेक ऑइल रंगावर सांडले असल्यास ते त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुऊन काढावे. दुसऱ्या दिवशी तेथे रंग राहिलेला नसतो.